हिवाळ्यात मुलांनी बाहेर खेळावे काय?

वसंत व्याख्यानमालेच्या मंडपात, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, थंडीतल्या खेळाविषयी बोलायला उभे राहणे काहीसे चमत्कारिक आहे, हे आम्ही जाणतो. पण प्रत्यक्ष थंडी पडली की थंडीचा शांतपणे विचार करणे कोणालाच जमत नाही. मार्गशीर्ष उजाडला, पहाटे अंगणातल्या बादलीचे पाणी बोचू लागले, की आपल्या घराघरांतून एकच हाकाटी सुरू होते : “कानटोपी घाल, बाहेर जाऊ नकोस, थंडी बाधेल.” तीन-चार वर्षांचे मूल खिडकीच्या गजांना धरून बाहेर पाहत बसते, आणि आजी, आई, बाप असे सगळे आपण मुलाला जपले या समाधानात असतात. त्या समाधानात तथ्य किती, हे तपासायला उन्हाळाच बरा.

आम्ही डॉक्टर नव्हे आणि शिक्षणशास्त्रज्ञही नव्हे. शाळेने आम्हाला सातवीनंतर निरोप दिला. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या खोल्यांत झाले. तेव्हा या विषयाशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात बायकामाणसांच्या मुलांसाठी आम्ही पाळणाघर मागितले. बऱ्याच घासाघिशीनंतर मिळाली ती गोदामामागची एक खोली. तिला एकच झरोका, तोही पत्रा ठोकून बंद केलेला. आम्ही तक्रार केली तेव्हा उत्तर आले की, मुलांना गार वारा लागू नये म्हणून ही दक्षता आहे! खोली स्वस्त पडली हे खरे कारण; पण सांगायला थंडी उपयोगी पडली. तेव्हापासून थंडी, मुले आणि मोकळी हवा यांविषयी जे जे हाती आले ते आम्ही वाचीत गेलो, आणि वाचता वाचता असे दिसले की या प्रश्नाची एक मोठी वाट थेट कामगार चळवळीतूनच गेली आहे.

ही गोष्ट लंडनची आहे. १८८९ साली तेथे गोदी कामगारांचा प्रसिद्ध संप झाला. ताशी सहा पेन्स मजुरी, एवढीच मुख्य मागणी. त्या संपात मदतीला धावलेल्यांत रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या दोघी बहिणी होत्या. आईबाप स्कॉटिश, जन्म मात्र अमेरिकेतला. वडील लवकर गेल्यावर आईने मुलींना परत स्कॉटलंडला आणले. मार्गारेट पुढे ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी गेली. १८९३ साली याच गावी इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी त्या पक्षातर्फे मार्गारेट तेथील स्कूल बोर्डावर निवडून आली. त्या काळी गिरणगावातील मुले अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत जात. शाळेतला अर्धा दिवस बाकावर झोपण्यात जाई. उपाशी, अंगाला खरूज, डोक्यात उवा, हिवाळ्यासाठी अंगात शिवून टाकलेले कपडे, असा तो विद्यार्थी. मार्गारेटने बोर्डात आग्रह धरून शाळेत न्हाणीघरे बांधून घेतली, मुलांची डॉक्टरी तपासणी सुरू करविली, आणि शाळेत जेवण मिळावे म्हणून जी चळवळ झाली तिच्यात ती पुढे होती. १९०६ साली इंग्लंडात शालेय भोजनाचा कायदा झाला. १९०७ साली शाळांतून वैद्यकीय तपासणीही कायद्याने आली.

पुढे दोघी बहिणी लंडनच्या डेटफर्ड भागात आल्या. थेम्सकाठचा हा गलिच्छ, गर्दीचा मजूर मोहल्ला. तेथे १९१० साली त्यांनी मुलांसाठी दवाखाना उघडला. पैशाची मदत जोसेफ फेल्स नावाच्या अमेरिकन साबण कारखानदाराची होती. (कारखानदाराचा पैसा चांगल्या कामी लागला की ते मान्य करण्यात आम्हाला संकोच वाटत नाही, तो वारंवार लागत नाही एवढेच.) दवाखान्यात मुले येत, डोळे-कान-कातडीचे दुखणे बरे होई, मूल घरी जाई आणि महिन्याभरात तेच दुखणे घेऊन परत येई. घर तेच, कोंदट खोली तीच, एका अंथरुणात चौघे तेच. औषधाने जे साधते ते घरातली हवा खाऊन टाकते, हे त्यांच्या ध्यानात आले.

मग त्यांनी जे केले ते त्या वेळी वेडेपणाचे वाटले असेल. १९११ साली त्यांनी दवाखान्याच्या कामाशी जोडलेल्या एका घराच्या मागच्या बागेत मुलींसाठी रात्रीचा मुक्काम सुरू केला. संध्याकाळी मुली येत, गरम पाण्याने न्हात, आणि उघड्यावर खाटांवर झोपत. सकाळी खाऊनपिऊन शाळेत जात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भुवया उंचावल्या. पण मुली सुधारू लागल्या. त्यातूनच १९१४ साली, अगदी लहान मुलांसाठी, मोकळ्या हवेतली बालशाळा उभी राहिली. तिची रचना मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण पुढच्या अनेक देशांतल्या बालशाळांत तिचा अंश उतरला.

मोठी इमारत नाहीच. बागेभोवती लहान लहान पडव्या, एक बाजू बागेकडे उघडी. मुले दिवसाचा बहुतेक वेळ बागेत. बागेत भाजीचे वाफे, वासाच्या वनस्पती, झाडे, पायऱ्या, माती, पाणी, आणि एका कोपऱ्यात दगडधोंडे, मोडकी भांडी यांचा ढिगारा! हा ढिगारा केरकचरा नव्हता. तो खेळ होता. रंगवलेल्या खेळण्यांपेक्षा मूल त्याच्यावर अधिक वेळ रमते, हे मार्गारेटला ठाऊक होते. सकाळी आल्याबरोबर गरम पाण्याची आंघोळ, स्वच्छ कपडे, मग न्याहारी. दुपारी जेवण आणि बागेशेजारीच झोप. पाऊस आला की पडवीत, थांबला की बाहेर. आईबापांच्या कामाचे तास लांब म्हणून शाळेचे तासही लांब. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या तेव्हा या बालशाळेची गरज सरकारलाही कळली. रेचेल १९१७ साली वारली. शाळेला तिचे नाव मिळाले. मार्गारेट १९३१ पर्यंत जगली आणि शेवटपर्यंत हेच काम करीत राहिली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या वेळी मजुरांच्या मुलांत मुडदूस फार होता. पाय धनुष्यासारखे वाकत, छातीचा पिंजरा आत जाई. त्याचे कारण तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टराने कृत्रिम जंबुपार किरणांनी मुडदूस बरा करून दाखविला. त्याच सुमारास इंग्लंडात मेलनबी याने कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण सिद्ध केला. आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे नाव १९२२ नंतर रूढ झाले. म्हणजे मॅकमिलन भगिनींनी मुलांना उजेडात आणले ते प्रयोगशाळेने कारण सांगण्यापूर्वी. गरीब वस्तीतल्या मुलाला काय कमी आहे हे डोळे उघडे ठेवणाऱ्याला दिसत होते.

आता थंडीकडे वळू. थंडीने मूल आजारी पडते, ही आपली ठाम समजूत. सर्दी आणि ताप विषाणूंनी होतात, आणि ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. हिवाळ्यात आपण दारेखिडक्या लावून एका खोलीत दाटीने बसतो, एकमेकांची हवा ओढतो, आणि मग दोष अंगणाला देतो. गार हवेत नाकातले संरक्षण थोडे मंदावते, असे काही प्रयोग सांगतात. तेवढे मान्य केले तरी विषाणू द्यायला कोणी तरी लागतोच, आणि तो बहुधा खोलीत असतो. दम्याच्या मुलाची गोष्ट वेगळी; कोरडी गार हवा त्याला त्रास देते आणि त्याच्याबाबत डॉक्टरांचेच ऐकावे. बाकीच्या मुलांना अपाय करणाऱ्या गोष्टी तीन : ओल, वारा आणि निश्चल बसणे.

लहान मुलाचे शरीर आपल्यापेक्षा लवकर गार होते, हे खरे आहे. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्र मोठे आणि डोकेही मोठे. पण धावणारे मूल स्वतःच एक शेगडी असते. गाडीत बसवलेले, कडेवर घेतलेले, झोपलेले मूल ही खरी काळजी. आपल्याला थंडी वाजते म्हणून पळत्या मुलावर आणखी एक स्वेटर चढवणे, आणि आपण चालून गरम झालो म्हणून गाडीतल्या मुलाला विसरणे, या दोन्ही चुका एकाच जातीच्या. मुलाच्या मानेमागे हात घालून पाहावा. ती जागा ऊबदार असेल तर हातपाय थोडे गार असले तरी बिघडत नाही. मूल एकाएकी गप्प झाले, खेळ सोडून उभे राहिले, तर मात्र त्याला आत न्यावे.

ओलीचे महत्त्व सुती कपड्याने कळते. सूत पाणी पिते आणि धरून ठेवते. ओला सदरा अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर थोडी भिजली तरी ऊब सोडीत नाही. म्हणून उत्तर युरोपात अंगालगत पातळ लोकर, तीवर जाड लोकर किंवा तसेच काही, आणि सर्वांत वर पाणी-वारा न शिरणारा झगा, असे तीन थर घालतात. ऊब देते ती थरांमधली कोंडलेली हवा. म्हणून बूट घट्ट असला तर दोन मोजे घालूनही पाय गारठतात. हातमोजेसुद्धा बोटाबोटांचे नसून पिशवीसारखे, म्हणजे बोटे एकमेकांना ऊब देतात.

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड या देशांत एक ते पाच-सहा वर्षांची मुले भर हिवाळ्यात रोज बाहेर खेळतात, पाऊस असो की बर्फ. त्यांच्याकडे म्हणच आहे की वाईट हवामान असे काही नसते, असतात ते वाईट कपडे. तान्ही मुले तर दुपारची झोपसुद्धा बाबागाडीत, पांघरुणात गुंडाळून, उघड्यावर घेतात. आमच्या एका सभासद बाईंची लेक जावयाच्या नोकरीमुळे नॉर्वेत गेली. एक दिवस बाई मोबाइल घेऊन कचेरीत आल्या. “दादा, हे बघा. नातू बर्फात उताणा पडलाय अन् ती मास्तरीण हसतीया! ह्यांना काळीज हाय का न्हाई?” आम्ही म्हटले, “मावशी, नातवाचं तोंड बघा.” नातू अर्थातच हसत होता. मावशींचे समाधान झाले नाही. पण लेकीला विचारून पोराला सर्दी किती वेळा झाली याचा हिशेब त्यांनी पुढे दोन वर्षे ठेवला. झाली ती आपल्याकडच्या इतकीच. मोकळ्या हवेने मुलांची आजारपणे किती कमी होतात, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. पण थंडीत खेळल्याने ती वाढतात ही आपली भीती त्या देशांनी लक्षावधी मुलांवर, रोजच्या रोज, खोटी पाडली आहे.

तिकडची बालशाळा कशी चालते ते पाहू. दाराशी मोठी खोली असते, तिला शाळेची ‘मळकी बाजू’ म्हणावे. प्रत्येक मुलाचा खण, खुंटी, सुके कपडे. आणि एका भिंतीला गरम हवेचे कपाट, ज्यात भिजलेले झगे, मोजे, बूट टांगले की पुढच्या खेळापर्यंत वाळतात. आमच्या मते हे कपाट म्हणजे तेथल्या हिवाळी खेळाचा कणा आहे. कपडे चढवणे मुलांनी स्वतः करायचे. तीन वर्षांच्या मुलाला बुटात पाय घालायला दहा मिनिटे लागतात, आणि शिक्षिका तेवढा वेळ थांबते. तिच्या लेखी खेळ तेथेच सुरू झालेला असतो. दिवस लहान, म्हणून अंगावर चकाकणारे पट्टे. गळ्यात लोंबणारा मफलर किंवा दोरी नाही, कारण घसरगुंडीत ती अडकली तर फास बसेल.

आणि खेळ? पहिली शिकवण बर्फाचीच. पाणी गोठण्याच्या आसपासचा बर्फ ओलसर असतो, त्याचा गोळा होतो, भिंत उभी राहते. खूप गारठा पडला की तोच बर्फ रव्यासारखा कोरडा होतो, मुठीतून निसटतो. काल झालेला किल्ला आज का होत नाही, हा प्रश्न चार वर्षांच्या मुलाला पडतो, आणि उत्तर शोधताना तो जे करतो त्याला आपण मोठेपणी पदार्थविज्ञान म्हणतो. मग पावलांचे ठसे. ससा पळतो तेव्हा त्याचे मागचे लांब पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात. ठसे पाहून ससा कोणीकडे गेला हे मुले हटकून उलटे सांगतात, आणि एकदा खूण कळली की मग प्रत्येक ठशाशी थांबतात. अक्षर ओळखण्यापूर्वी हे एक प्रकारचे वाचनच झाले. उतारावरून बुडाखाली फळी घेऊन घसरणे, झाडावर चढणे, मोठ्यांच्या देखरेखीखाली शेकोटी पेटवणे, चाकूने काटकी तासणे, हेही चालते. नॉर्वेच्या एलन सँडसेटर यांनी मुलांच्या अशा थोड्या धोक्याच्या खेळाचे प्रकार पाडून त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांचे म्हणणे असे की उंची, वेग, आग यांचा जपून घेतलेला अनुभव मुलाला धोक्याचा अंदाज शिकवतो. टेलेमार्क भागात इंगुन फ्यर्तोफ्त यांनी पाच ते सात वर्षांच्या मुलांचे दोन गट पाहिले. रोज रानात खेळणारी मुले तोल सांभाळण्यात आणि अवयवांच्या मेळात आखीव मैदानावर खेळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली; हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. उंचसखल जमीन, निसरडी वाट, ओंडका, ही फुकटची व्यायामशाळा.

डोळ्यांचेही असेच. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कित्येक पट असतो. चीनमधील ग्वांगजौ येथे शाळेच्या पहिल्या वर्गातील मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढले. तीन वर्षांनी त्यांच्यात जवळची दृष्टी जडलेली मुले शेकडा सुमारे ३० निघाली, इतरांत सुमारे ४०. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. मोबाइल हाती आलेल्या पिढीला हा आकडा भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

याचा अर्थ तिकडे सगळे बिनधास्त आहे असा नव्हे. पारा उणे १० ते १५ अंशांपर्यंत उतरला की बहुतेक बालशाळा बाहेरचा वेळ कमी करतात, आणि वारा असेल तर त्याहून आधीच. कारण वारा अंगाभोवतीची ऊबदार हवा उडवून नेतो. गालावर पांढरा डाग दिसला की तो हिमदंशाचा पहिला इशारा. गोठलेल्या तळ्यावर मोठ्यांनी जाडी तपासल्याशिवाय पाऊल नाही. गारठलेल्या लोखंडाला जीभ लावू नये हे प्रत्येक मुलाला सांगतात, आणि दर हिवाळ्यात एखादे तरी मूल ते खरे आहे का पाहतेच. आणखी एक : ओस्लोसारख्या ठिकाणी साधारण ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की त्याच्या उन्हाने कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणून तेथे मुलांना माशाच्या यकृताचे तेल किंवा थेंब देतात. मोकळी हवा सर्व रोगांवर औषध, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आता आमच्या धंद्याचा प्रश्न. याचा खर्च कोण करतो? बर्फ तर हिमालयातही आहे. नुसता बर्फ असून भागत नाही. तीन थर कपडे, वाळवायचे कपाट, गरम जेवण आणि पुरेशी माणसे लागतात. नॉर्वेत २०१८ पासून नियम असा की तीन वर्षांखालील तीन मुलांमागे आणि त्यावरील सहा मुलांमागे निदान एक कर्मचारी हवा. एक बाई तीस मुलांना घेऊन रानात जाऊ शकत नाही. ती त्यांना खोलीत बसवून गप्प करील, आणि तिचा त्यात दोष नाही. २००४ साली तेथे बालशाळेच्या फीला वरची मर्यादा घातली गेली आणि २००९ पासून एक वर्षावरील मुलाला जागा मिळण्याचा हक्क कायद्याने आला. डेन्मार्कमध्ये शहरातील मुलांना सकाळी बसने रानात नेऊन संध्याकाळी परत आणणाऱ्या बालशाळा आहेत. स्वीडनमध्ये मुलांना रानाची ओळख करून देणारी मंडळे १९५७ पासून चालतात, आणि १९८५ पासून ऊन-पाऊस न पाहता बाहेरच भरणाऱ्या बालशाळाही निघाल्या.

पण या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, जी मुलांच्या खेळावर लिहिणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. मूल तापाने फणफणले तर त्याला बाहेर नेता येत नाही, हे उघडच आहे. मग ते घरी राहिले पाहिजे, आणि त्याच्याजवळ कोणी तरी राहिले पाहिजे. स्वीडनने १९७४ साली पालक विमा आणला, त्यात आजारी मुलासाठी घरी राहणाऱ्या बापाला किंवा आईला भरपाई मिळू लागली. नॉर्वेत लहान मुलाच्या आजारपणासाठी कामगाराला वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा आहे. या रजेवाचून आई काय करते? मुलाला तापाची गोळी देते, सदऱ्यावर सदरा चढवते, आणि पाळणाघरात सोडून पाळी गाठते. मग इतर मुलांना लागण होते, आणि दोष थंडीला. बर्फातल्या त्या हसऱ्या फोटोमागे इतकी कलमे आहेत. आणि तेथेही सारे आलबेल नाही : कपडे आईबापांनीच घ्यायचे, ते महाग, आणि मूल दर वर्षी वाढते. म्हणून वापरलेल्या कपड्यांचे बाजार भरतात, आणि घसरण्याच्या फळ्या, बूट वगैरे साहित्य फुकट उसने देणारी केंद्रे निघाली आहेत.

आपल्याकडे बर्फ नाही. पण उघड्यावरच्या बालशिक्षणाची आपलीही परंपरा आहे आणि ती कोणाच्या मागे नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणारी मुले कुरणावरून हलत नाहीत म्हणून कुरणशाळा निघाली. शिक्षिका गुरांमागे! पाने, बिया, खडे, शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभराची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. नाव अंगणाचे, पण शहरातल्या किती अंगणवाड्यांना अंगण आहे, हे श्रोत्यांनी आपापल्या वॉर्डात फिरून पाहावे. भाड्याची दहा बाय दहाची खोली, बाहेर गटार, आणि मोटारसायकलींची रांग. कारखान्यांतील पाळणाघराचे कलम १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात आले, ५० पेक्षा अधिक बायका असतील तेथे. १९७६ साली तो आकडा ३० वर आला. मग कित्येक ठिकाणी हजेरीपटावरची बायकांची संख्या २९ वर का थांबे, हे ज्यांनी युनियनमध्ये काम केले त्यांना सांगावे लागत नाही.

आणि दुसरे टोक पाहा. सोलापूरकडे विडी कामगार बाई घरात सूप मांडीवर घेऊन बसते, शेजारी मूल. दार थंडीचे म्हणून लावलेले, हवेत तंबाखूची धूळ. त्या मुलाला बाहेरचा गारवा बाधेल की आतली हवा? उलट ऊसतोड कामगाराचे मूल पाहा. ते दिवाळीनंतर सारा हिवाळा उघड्यावरच असते. पहाटे चारला आईबाप फडावर, मूल कोपीत किंवा पाचटावर एका फाटक्या चादरीत, दवाने भिजलेले. जेवण दुपारी, सांभाळायला सात वर्षांची बहीण. मोकळी हवा त्याला भरपूर मिळते! एकच थंडी, तेच आकाश. पण ओस्लोतले मूल खेळते आणि फडावरचे मूल कुडकुडते. मधला फरक कोरड्या कपड्यांचा, गरम जेवणाचा आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा आहे, आणि तिन्ही गोष्टी मजुरीशी व सार्वजनिक खर्चाशी बांधलेल्या आहेत.

मग आपल्या हवेत करायचे काय? पहाटे फिरवण्याचा उत्साह शहरात तरी आवरावा. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते. कचऱ्याच्या शेकोट्यांचा, चुलींचा, मोटारींचा धूर तिच्यात अडकतो. ऊन चढले की ती हलते. तेव्हा सकाळी नऊ-साडेनऊनंतरची वेळ बरी. तोवर मुलाच्या पोटात काही तरी गरम गेलेले असावे. नुसता चहा नव्हे, पेज, खिचडी, भाकरी-दूध असे काही. पाण्यात खेळू द्यावे, चिखलही चालेल. मात्र दुसरा कोरडा जोड हाताशी हवा. तिकडच्या गरम कपाटाचे काम आपल्याकडे दक्षिणेकडच्या भिंतीलगतची दोरी फुकट करते. सुती सदऱ्यावर लोकरी बंडी असली की पळणाऱ्या मुलाला पुष्कळ झाले. घाम फुटण्याइतके लपेटू नये, कारण तो घाम वाळताना मूल गारठते. झाडाखाली वाळलेल्या पानांचा ढीग, थोडे दगड, थोडी माती, दोन फुटके डबे, एवढे साहित्य ठेवून मोठ्यांनी जरा लांब बसावे.

यंदा दिवाळीनंतर आमच्या युनियनच्या बायका आपापल्या वॉर्डातल्या अंगणवाडी सेविकांना बरोबर घेऊन नगरपालिकेकडे जाणार आहेत. मागण्या चार आहेत. प्रत्येक अंगणवाडीला चालत पाच मिनिटांवर कुंपण घातलेला मातीचा तुकडा, फरशी न बसवता; प्रत्येक मुलामागे एक लोकरी बंडी आणि एक जादा कपड्यांचा जोड; गरम खाणे खेळाच्या आधी; आणि बाहेर नेताना सेविका व मदतनीस यांच्या जोडीला तिसरी पगारी बाई. तिसऱ्या बाईच्या मागणीवर सर्वांत जास्त कुरकुर होईल, असा आमचा अंदाज आहे.